शंभरातले तिघे

२ फेब्रुवारी

मामा,

आधी वाकून नमस्कार करून घेते, कारण पुढे जे मागायचंय ते मोठं आहे.

सोबत दोनशे पानांचं बाड आहे. तुला भिंग घ्यावं लागू नये म्हणून अक्षरं मोठी छापलीत. पडद्यावर तू काही वाचत नाहीस म्हणून पोस्टानं पाठवतेय, तर ऑफिसात सगळे मला हसले.

चावीवाला परत येतोय. दोन वर्षांपूर्वी आमच्या व्हिडिओ गेममधल्या ज्या कुरकुऱ्या म्हाताऱ्याला तू आवाज दिलास, तोच. लोकांना तो इतका आवडला की त्याच गेमला आता एक वाढीव भाग जोडायचं ठरलंय, आणि त्यात तो पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळणाऱ्याच्या सोबत चालणार. गोष्ट एवढीशीच आहे. जन्मभर त्यानं ज्या तुरुंगाची कुलपं केली, त्याच तुरुंगात त्याचा मुलगा अडकलाय, आणि हा चाव्यांचा जुडगा घेऊन त्याला सोडवायला निघालाय.

मागच्या वेळी त्याची तीनशे बारा वाक्यं होती. या वेळी चौदाशे आहेत. दचकू नकोस. खेळणारा वाटेत काय निवडेल ते आम्हाला आधी कळत नाही ना. कुणी म्हाताऱ्याला हात देईल, कुणी त्याच्यावर खेकसेल, कुणी त्याचं बोलणं अर्ध्यात तोडेल. प्रत्येकाला त्याचं उत्तर वेगळं हवं. लहानपणी आई ओरडायची, "प्रत्येक गोष्टीला फाटे फोडू नकोस." आता मी दिवसभर खुर्चीत बसून तेच करते.

दमलेय रे. काल एका साध्या "चल" ला नऊ प्रकारचं "आलो" लिहिलं, आणि घरी आल्यावर कुणी हाक मारली तर ओ द्यायचीही इच्छा उरली नव्हती.

रेकॉर्डिंग एप्रिलच्या शेवटी आहे. वाचून कळव.

तुझी भिंगरी


११ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

बाड पोचलं. पोस्टमन तीन मजले ते छातीशी धरून आला. तुझा नमस्कार मी त्यालाच देऊन टाकला.

सगळं वाचलं. पान तेवीस बघ. चावीवाला म्हणतो, "माझ्या हृदयावर ओझं आहे." अगं, चाळीस वर्षं कानस चालवलेला माणूस हृदयाचं नाव काढत नाही. तो म्हणेल, "बोटं आखडलीत." ऐकणाऱ्याला काय कळायचं ते कळतं. रेडिओवर तीस वर्षं श्रुतिका करून मी एवढंच शिकलो.

बाकी चांगलं लिहिलंयस. पण शेवट खटकला. मुलाच्या कोठडीकडे जाणारा जिना आहे, म्हातारा हळू चढतोय, जिन्याच्या मधलं फाटक बंद होत आलंय. खेळणाऱ्यानं त्याच्यासाठी थांबायचं, नाहीतर त्याच्या हातातल्या चाव्या हिसकावून त्याला तिथेच सोडून पुढे पळायचं. ठीक. पण सोडून पळणाऱ्याला चावीवाला अर्धं पान शिव्याशाप देतो, ते मला पटत नाही. का, ते अजून सांगता येत नाही. आणि असं करतं तरी कोण? म्हाताऱ्याला जिन्यात टाकून?

रेकॉर्डिंग थोडं पुढे ढकलता आलं तर बघ. घसा बसलाय, महिना झाला. हवा कोरडी आहे. गुळण्या चालू आहेत.

मामा


२६ फेब्रुवारी

मामा,

पान तेवीस बदललं. "बोटं आखडलीत" आमच्या रेकॉर्डिंगवाल्यानं माझ्या हातातून कागद घेऊन पुन्हा वाचलं.

कोण सोडून जातं, ते ऐक. कुणी काय निवडलं, हे आम्हाला मोजून मिळतं. पहिल्या गेममध्ये पुराचा प्रसंग होता, आठवतो? तिथे शंभरातले सत्त्याण्णव जण चावीवाल्याला नावेत घेऊन गेले. तिघे सोडून गेले. आमचा प्रमुख म्हणतो, तिघांसाठी एवढी पानं कशाला? मी म्हटलं, सोडलं काय आणि नेलं काय, पुढे सगळं सारखंच होणार असेल तर त्या सत्त्याण्णवांनी तरी काय केलं मग? मीटिंगमध्ये हे बोलताना स्वतःला फार शहाणी वाटले. नंतर पाच तास बसून त्या तिघांसाठी एक वाक्य लिहिलं, आणि तेही खोडलं.

तारीख पुढे जाणार नाही. मामा, खरं सांग, तुला हे काम नकोय का? नको असेल तर सरळ म्हण. आपल्या घरात कुणाला नाही म्हणायचं असलं की घसाच बसतो. आईचाही बसतो.

भिंगरी


१९ मार्च

चि. भिंगरी,

उत्तराला उशीर झाला. घसा आपल्या घराण्याचा निघाला नाही, त्यानं स्वतःचं वेगळं काढलं.

स्वरयंत्रावर गाठ आहे. वाईट जातीची. सगळं यंत्रच काढायचं म्हणतात, अठरा एप्रिलला. मी विचारलं, "मग बोलणं?" डॉक्टरीणबाई कागद चाळत म्हणाल्या, "जीव राहील." दिलेली बगल मला लगेच ओळखू येते, नुसती ऐकू आली तरी.

तोवर दिवसाकाठी वीसेक मिनिटं आवाज चालतो, मग फाटतो. खालच्या मजल्यावर कपडे शिवणाऱ्या बाई आहेत, दवाखान्यात त्याच सोबत येतात. मी त्यांना शिवणबाई म्हणतो, त्या मला रेडिओ म्हणतात. बरं चाललंय आमचं.

कळून तीन आठवडे झाले. तुला कसं लिहावं सुचेना. तुझ्या आईला इतक्यात सांगू नकोस. ताई रडत येईल, आणि दिवसाची माझी वीस मिनिटं चुलतबहिणीची समजूत काढण्यात जातील.

चौदाशे वाक्यांसाठी दुसरा कुणी बघ. वाईट वाटून घेऊ नकोस. मला वाटतंय तेवढं पुरे आहे.

मामा


२४ मार्च

मामा,

पत्र ऑफिसच्या जिन्यात उभ्यानं वाचलं. माझं मागचं पत्र फाडून टाक. आत्ताच्या आत्ता फाड.

प्रमुखाला सांगावंच लागलं. तो वाईट माणूस नाही. त्यानं मला बसवलं, पाणी दिलं, आणि थोड्या वेळानं एक कागद दिला. तुझी आधीची तीनशे बारा वाक्यं आमच्याकडे आहेत. त्यांवरून कॉम्प्युटर तुझ्या आवाजात उरलेलं सगळं बोलू शकतो. फक्त तुझी सही हवी. चौदाशेच्या चौदाशे वाक्यं होतील, एकही फाटा गाळावा लागणार नाही. तुला एक शब्दही बोलायला नको. तू नुसती विश्रांती घे.

आणि तुझा आवाजही राहील, मामा. याचा विचार कर.

कागद सोबत जोडलाय. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी येतेच आहे.

भिंगरी


२९ मार्च

चि. भिंगरी,

कागद चार वेळा वाचला. "सध्याच्या व यापुढील सर्व उपयोगांसाठी" असं एक वाक्य आहे. म्हणजे उद्या मी नसताना माझ्या आवाजात कुणी साबण विकला तरी चालेल. विकोत बापडे. जाणारीच वस्तू आहे, कुणाच्या उपयोगी पडली तर मी आड का येऊ?

फक्त एक सांग. माझा आवाज तू पाळण्यात असल्यापासून ऐकतेस. त्या यंत्राचा ऐकलास का? कसा वाटतो? तू म्हणशील तर सही करतो. खरं लिही.

मामा


१ एप्रिल

मामा,

खरं लिहिते.

ऐकलाय. तुला कागद पाठवला त्याच्या आदल्या दिवशीच ऐकला होता. तुझी जुनी रेकॉर्डिंगं मीच काढून दिली. यंत्राला कुठली वाक्यं बोलायला लावायची तेही मीच निवडलं. तुला विचारलं नाही. नुसतं करून बघू, असं प्रमुख म्हणाला, आणि मी मान डोलावली.

मामा, तो हुबेहूब तू होतास. मला फरक कळला नाही. कुठेतरी चुकेल, कुठेतरी उसनं वाटेल म्हणून कान लावून बसले होते. "बोटं आखडलीत" तर असं म्हणाला की रेकॉर्डिंगवाल्यानं चष्मा काढून पुसला.

आणि मला रडू आलं नाही. मनात आलं, बरं झालं, चौदाशे वाक्यांचा घोर मिटला. तू आजारी आहेस हे कळून दोन दिवसही झाले नव्हते, आणि माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं म्हणून मला हलकं वाटलं. याची लाज वाटते. पण तू खरं विचारलंस.

सही करू नकोस असंही म्हणवत नाही. कर असंही नाही. दिवसभर लोकांसाठी निवडी लिहिते आणि इथे मला एकही वाक्य सुचत नाही.

भिंगरी


५ एप्रिल

भिंगरी,

विचारायचं होतंस.

माझा आवाज मी अनोळखी लोकांना फुकट वाटला असता. तुला तर डोळे मिटून दिला असता. पण तू विचारायचं होतंस.

सही करत नाही. यंत्रावर माझा राग नाही. माझ्याहून चांगलं बोलत असेल तर बोलो. मी अजून आहे, एवढंच.

ऑपरेशनला तेरा दिवस आहेत. तुझ्या त्या रेकॉर्डिंगवाल्याला घेऊन ये. रोजची वीस मिनिटं आहेत. सगळं होणार नाही. आधी त्या तिघांचं करू. बाकीच्यांना म्हातारा आवडतोच, ते चालवून घेतील. सोडून जाणाऱ्यानं खरा माणूस ऐकायला हवा.

शिव्याशापांचं पान आणू नकोस. ते कसं करायचं ते मला सापडलंय.

मामा


२१ एप्रिल

मामा,

तू पूर्ण शुद्धीत येईपर्यंत थांबायला हवं होतं. आई आली, तुझा हात धरून बसली, आणि तिच्या हातात तुला देऊन मी गाडी पकडली. सुट्टी संपली होती. खरं तर मागितली असती तर वाढवून मिळाली असती. दवाखान्यातला तो बाक मला सोसवत नव्हता. हे पत्र आईला मोठ्यानं वाचायला सांगितलंय, पण एवढा भाग ती गाळणार, म्हणून वर खूण केलीय. तू स्वतः वाच.

मला त्या पाच सकाळी सोडत नाहीत. तुझ्या खोलीच्या खिडक्यांना आम्ही घोंगड्या लावल्या होत्या. शिवणबाईंनी खालचं मशीन बंद ठेवलं, वर जिन्यात स्टूल टाकून बसल्या, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बोट दाखवून गप्प करत होत्या. पहिल्याच दिवशी मी भीत भीत विचारलं, शिव्या नाहीत तर मग काय म्हणेल तो? तू माझ्याकडे बघितलंस, मी अजून पाळण्यातच आहे असं.

"अगं, आत मुलगा आहे ना त्याचा! चाव्या याच्या हातून गेल्या. आता दार उघडणार तो पळणाराच. त्याला शिव्या देऊन कसं चालेल? कुठली चावी कशी लागते ते सांगेल की तो ओरडून."

मी सात महिने ते पान लिहीत होते, मामा. हे माझ्या डोक्यात आलं नाही.

आणि मग तू घोटभर पाणी प्यालास आणि बोललास. "तिसरी चावी उलटी लागते. जोर लावू नकोस, मोडेल. दार उघडलं की त्याला सांग, बाबा मागे आहेत. सावकाश येतायत." रेकॉर्डिंगवाला बटण बंद करायला विसरला. पुढची दोन मिनिटं तुझ्या घड्याळाची टिकटिक आमच्याकडे आहे.

एकशे अठ्ठ्याऐंशी वाक्यं झाली. पाचव्या दिवशी तू थांबणाऱ्यांसाठीचा शेवट घेतलास आणि पहिल्याच शब्दाला आवाज फाटला. पुन्हा घेतलास. पुन्हा फाटला. तू हातानंच "राहू दे" केलंस.

आता प्रमुखाशी भांडायचंय. बरा हो.

भिंगरी


९ जून

चि. भिंगरी,

खूण केलेला भाग वाचला. मीही त्या बाकावर बसलो नसतो.

गळ्याला भोक आहे, तिथून श्वास घेतो. पाटीवर लिहून बोलतो. शिवणबाई म्हणतात, रेडिओ आता वर्तमानपत्र झाला. जेवण पातळ, पण जातं. ताई परत गेली. रोज फोन करते, मी उचलतो, ती बोलते. पूर्वीही असंच होतं.

भांडणाचं काय झालं?

मामा


१६ ऑक्टोबर

मामा,

एवढे दिवस पत्र नाही, कारण मी कुणालाच काही लिहिलं नाही.

भांडणाचं असं झालं. तुझ्या सहीशिवाय यंत्राचा आवाज वापरता येत नव्हता, आणि नवा माणूस घ्यायला वेळ नव्हता. प्रमुख दोन आठवडे माझ्याशी बोलला नाही. मग म्हणाला, तुझ्या मामाचं आहे तेवढं ठेव, बाकी छाट. मी चौदाशेची सहाशे केली. स्वतः जन्माला घातलेले फाटे स्वतः तोडत बसले. त्यांतली तुझी एकशे अठ्ठ्याऐंशी ऐकू येतात. उरलेली नुसती अक्षरं होऊन पडद्यावर येतात, चावीवाला बोलत नाही.

मागच्या महिन्यात वाढीव भाग बाहेर पडला. लोक चिडलेत. "मधेच मुका होतो." "आम्ही त्याच्यासाठी थांबलो, तर शेवटी नुसती अक्षरं!" "निवड करून मिळालं काय?" त्यांचं बरोबर आहे. जे त्याच्याशी नीट वागले त्यांना सगळ्यांत कमी मिळालं. जे त्याला टाकून गेले त्यांना तू मिळालास.

आकडा कालच आला. या वेळीही शंभरातले तीनच. पण त्या तिघांपैकी दोघं चाव्या घेऊन वर जाऊन, दार न उघडताच जिना उतरून परत येतात. मधलं फाटक एव्हाना बंद झालेलं असतं. तिथे आम्ही काहीच लिहिलेलं नाही. दुसऱ्या बाजूला म्हातारा दिसतो, बोलत नाही. तरी लोक तिथे उभे राहतात, कुणी पाच मिनिटं, कुणी वीस.

प्रमुख म्हणाला, पुढच्या वेळी तिथे काहीतरी ठेवू. मी हो म्हटलं. पुढच्या वेळी मी असेन असं वाटत नाही. मला सहा महिने काहीही निवडायचं नाही, आज भाजी कुठली तेसुद्धा नाही.

तू रागावला नाहीस ना? तुझा सगळ्यांत चांगला आवाज मी तीन जणांना दिला.

भिंगरी


२ नोव्हेंबर

चि. भिंगरी,

तू दिला नाहीस. मी दिला, तोही माझ्या हातानं निवडून. एवढी एक निवड माझ्या नावावर राहू दे.

आता काय झालं ते ऐक. शिवणबाईंचा जावई त्याचं खेळायचं यंत्र त्यांच्याकडे ठेवून परगावी गेलाय. त्यांनी तुमचा गेम आणवला, पहिला आणि वाढीव, दोन्ही. रोज दुपारी मशीन झाकून ठेवतात आणि खेळायला बसतात. मी शेजारी. त्यांना खेळता यायला महिना लागला. भिंतीवर आपटतात, पाण्यात पडतात, चावीवाल्याला मात्र कधी मागे ठेवत नाहीत. तो दम खायला थांबला की याही थांबतात आणि त्याला म्हणतात, "बसा हो, घाई नाही."

परवा जिना आला. फाटक बंद होत होतं. मी पाटीवर लिहिलं, "सोडून जा. चाव्या घ्या आणि पळा." त्यांनी वाचलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी घाणच लिहिलंय. मी पुसून पुन्हा लिहिलं, "तिथे माझा आवाज आहे. चांगला झालाय." म्हणाल्या, "असेल. मी नाही सोडून जायची." मी तिसऱ्यांदा लिहायला लागलो, तर पाटी काढून घेऊन मांडीखाली ठेवली.

आणि थांबल्या त्या. म्हातारा एकेक पायरी चढला. दारापाशी पोचला. तोंड हललं, आवाज नाही, खाली तुझी अक्षरं आली. त्यांनी एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग चष्मा चढवला, यंत्र तिथेच थांबवून ठेवलं, आणि बोट फिरवत मोठ्यानं वाचायला लागल्या. "हे कुलूप मीच केलं होतं रे. चांगलं केलं होतं. म्हणून यायला इतकी वर्षं लागली."

अडखळत वाचलं. "चांगलं" वर नको तितका जोर दिला. "रे" तर गिळलाच. तीस वर्षं मी लोकांच्या अशा चुका काढत आलो.

पाटी त्यांनी परत दिली होती. मी काही लिहिलं नाही. पुढचं वाचा, अशी खूण केली.

मामा